जुन्या पुस्तकांतल्या कॉकटेल कृती ताडून कशा पाहाव्यात

एकाच नावाचे कॉकटेल दोन जुन्या पुस्तकांत शोधले, तर बहुधा दोन वेगळी पेये हाती लागतात आणि मग ‘खरी कृती कोणती’ असा वाद सुरू होतो. त्या वादात पडण्यापूर्वी दोन्ही कृती एका मापावर आणाव्यात, पुस्तक नेमक्या कोणत्या बाटलीविषयी बोलत आहे हे ठरवावे आणि मगच ग्लास हातात घ्यावा, एवढाच या लेखाचा आग्रह आहे. सांगलीत बसून हे काम करता येईल का, अशी शंका येणे स्वाभाविक आहे, कारण इथल्या दुकानांत निम्म्या बाटल्या मिळत नाहीत. तरीही ते करता येते, कारण यातले बहुतेक काम वही-पेन्सिलीचे आहे आणि बाटलीचा संबंध शेवटी येतो.

आधी पुस्तक, मग त्याची आवृत्ती

एकोणिसाव्या शतकातल्या बारटेंडरांची पुस्तके स्वामित्वहक्कातून मुक्त झालेली असल्याने त्यांची पाने इंटरनेट आर्काइव्हवर फुकट पाहायला मिळतात. तिथे पानाचे छायाचित्रच पाहावे, संगणकाने उतरवून दिलेला मजकूर वापरू नये. एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश हे अपूर्णांक बारीक टायपात छापलेले असतात आणि संगणक ते वाचताना हमखास घोळ घालतो. कॉकटेलच्या कृतीत तर सगळा जीव त्या अपूर्णांकातच असतो.

मुखपृष्ठावरच्या नावापेक्षा आवृत्तीचे साल महत्त्वाचे आहे. अमेरिकी बारटेंडर जेरी थॉमस याचे पुस्तक १८६२ साली न्यूयॉर्कमध्ये निघाले, १८७६ मध्ये पुरवणीसह पुन्हा आले आणि १८८७ मध्ये त्याची बरीच बदललेली आवृत्ती प्रसिद्ध झाली. थॉमस १८८५ मध्येच वारला होता. आज अनेक ठिकाणी ‘जेरी थॉमसची मार्टिनेझ’ म्हणून जिनच्या या कॉकटेलची जी कृती दिली जाते, ती या १८८७ च्या आवृत्तीतली आहे, १८६२ च्या पुस्तकात ती नाही. उलट ओ. एच. बायरन याच्या १८८४ च्या पुस्तकात मार्टिनेझ आधीच आलेली आहे. म्हणजे केवळ लेखकाचे नाव पाहून ‘सर्वांत जुनी कृती’ असा शिक्का मारला, तर तुलनेची पहिली पायरीच चुकते. त्यात भर म्हणजे १९२८ साली हर्बर्ट अ‍ॅसबरी याने थॉमसचे पुस्तक संपादित करून पुन्हा काढले, आणि तीही प्रत त्याच लेखकाच्या नावाखाली समोर येते. म्हणून वहीत पुस्तकाच्या नावाआधी साल लिहावे आणि सालाशेजारी पानाचा क्रमांक लिहावा.

छपाईच्या चुकांकडेही लक्ष असावे. १८६२ च्या पुस्तकात एका बिटर्सचे, म्हणजे थेंबाथेंबाने घालायच्या कडू अर्काचे, नाव ‘बोगार्ट्स’ असे छापले आहे, ते ‘बोकर्स’ असावे असे अभ्यासक मानतात. बोगार्ट्स नावाची बाटली शोधत बसणारा माणूस मुद्रकाच्या खिळ्यांमागे धावत असतो. असा शब्द दिसला, की त्याच पुस्तकाची पुढची आवृत्ती उघडून ताडून पाहावे.

मापे एका पातळीवर आणणे

वहीच्या पानावर उभ्या रेघा ओढून पहिल्या रकान्यात कृती जशी छापली आहे तशीच, अक्षरशः, उतरवावी. दुसऱ्या रकान्यात तीच मापे मिलिलिटरमध्ये लिहावीत आणि तिसऱ्यात प्रत्येक घटकाचा एकूण द्रवातला वाटा टक्क्यांत काढावा. पहिला रकाना गाळण्याचा मोह होतो, पण मिलिलिटर काढताना आपण काय गृहीत धरले हे पुढे तपासायचे असेल, तर मूळ शब्द समोरच लागतात.

अमेरिकी पुस्तकांतला ‘वाइनग्लास’ म्हणजे दोन औंस, साधारण ६० मिली, आणि ‘पोनी’ म्हणजे एक औंस, साधारण ३० मिली. परमिट रूममध्ये बसणाऱ्या माणसाला ही मापे परकी वाटू नयेत, कारण आपला लार्ज आणि स्मॉल पेग नेमका एवढाच असतो. ‘डॅश’ म्हणजे बिटर्सच्या बाटलीचा एक झटका, आजच्या बाटलीतून तो एक मिलीच्या थोडा आत येतो. ‘जिगर’ मात्र फसवे माप आहे, कुठे ते दीड औंसाचे असते तर कुठे दोन औंसांचे. ‘गिल’ हे त्याहून फसवे, कारण अमेरिकेत तो सुमारे ११८ मिलीचा आणि ब्रिटनमध्ये सुमारे १४२ मिलीचा. पुस्तक लंडनचे की न्यूयॉर्कचे हे आधी पाहावे लागते ते यासाठी.

माप नक्की ठरत नसेल, तर अडून बसू नये. कृतीतले सर्व घटक एकाच मापात दिलेले असतील, तर ते माप किती मिलीचे हे न कळताही प्रमाण अचूक कळते. आजीने सांगितलेल्या कृतीतली वाटी कोणती हे ठाऊक नसले, तरी ‘दोन वाट्या पिठाला एक वाटी गूळ’ हे बिनचूकच राहते. अडचण येते ती एक घटक वाइनग्लासने, दुसरा डॅशने आणि तिसरा ‘अर्ध्या लिंबाचा रस’ असा सांगितला असेल तेव्हा. लिंबाविषयी पुढे सविस्तर येईलच.

एक पूर्ण उदाहरण: साइडकार

सरावासाठी साइडकार घ्यावी, कारण तिच्यात तीनच घटक आहेत, ब्रँडी, क्वांत्रो ही संत्र्याच्या सालीची लिक्यर (गोड मद्य) आणि लिंबाचा रस, आणि चार पुस्तकांत त्यांची तीन रूपे सापडतात.

१९२२ साली हॅरी मॅकेलहोन आणि रॉबर्ट व्हर्मेअर या दोघा बारटेंडरांच्या पुस्तकांत साइडकार आली. मॅकेलहोन तिन्ही घटक एक-एक तृतीयांश सांगतो, तर व्हर्मेअर प्रत्येकी एक षष्ठांश गिल सांगतो. वरवर पाहता ही दोन वेगळी मापे आहेत, पण प्रमाण काढले की दोन्ही एकच ठरतात. दोघेही ही कृती लंडनच्या बक्स क्लबमधल्या मॅकगॅरी या बारटेंडरची असल्याचे सांगतात. अशा दोन पुस्तकांना दोन स्वतंत्र साक्षीदार समजावे का, याचा विचार करावा. दोघांचा उगम एकच असेल, तर त्यांचे एकमत म्हणजे एकाच बारची पद्धत दोनदा छापली जाणे होय.

१९३० च्या ‘सॅव्हॉय कॉकटेल बुक’मध्ये हॅरी क्रॅडक ब्रँडी निम्मी करतो आणि क्वांत्रो व लिंबूरस एक-एक चतुर्थांशावर आणतो. १९४८ मध्ये डेव्हिड एम्बरी तिलाच आठ भाग ब्रँडी, दोन भाग लिंबूरस आणि एक भाग क्वांत्रो असे रूप देतो. हे तिन्ही प्रकार ९० मिलीवर मांडले, तर १९२२ मध्ये प्रत्येक घटक ३० मिली येतो. १९३० मध्ये ब्रँडी ४५ आणि उरलेले दोन साडेबावीस-साडेबावीस मिली होतात. १९४८ मध्ये ब्रँडी साडेपासष्ट, लिंबूरस सुमारे साडेसोळा आणि क्वांत्रो जेमतेम आठ मिली उरते.

आता रकान्यांकडे नीट पाहिले, तर दोन बदल वेगळे काढता येतात, आणि माझ्या मते तुलनेचे खरे फळ हेच आहे. १९२२ पासून १९३० पर्यंत लिंबूरस आणि क्वांत्रो यांचे आपापसातले प्रमाण सारखेच राहिले, फक्त ब्रँडीचा वाटा ३३ टक्क्यांवरून ५० वर गेला. पेय कडक झाले, पण त्याचा आंबट-गोड तोल हलला नाही. एम्बरीने मात्र तो तोलच बदलला, आंबट आता गोडाच्या दुप्पट झाले. ब्रँडी आणि क्वांत्रो दोन्ही ४० टक्क्यांची धरली, तर बर्फाचे पाणी मिसळण्यापूर्वी १९२२ ची साइडकार सुमारे २७ टक्के, १९३० ची ३० टक्के आणि १९४८ ची ३३ टक्क्यांच्या आसपास भरते. ‘जुनी पेये जहाल असत’ असे सर्रास म्हटले जाते. या तीन कृतींत तरी ती उत्तरोत्तर जहाल होत गेली आहेत.

एम्बरी व्यवसायाने वकील होता, बारच्या मागे उभा राहून पोट भरणारा नव्हता. त्याच्या पुस्तकाला या क्षेत्रात मान आहे आणि तो योग्यही आहे, पण त्याचे आठ-दोन-एक हे त्याने स्वतः मांडलेले मत आहे. मॅकेलहोनच्या पुस्तकात बारमध्ये चालणारी पद्धत सापडते, एम्बरीच्या पुस्तकात एका चोखंदळ माणसाची आवड सापडते. पुस्तक या दोहोंपैकी कोणत्या जातीचे आहे, हे वहीत एका शब्दात नोंदवून ठेवावे.

नाव तेच, बाटली वेगळी

प्रमाण जुळले म्हणून पेय जुळतेच असे नाही. व्हर्मुथ म्हणजे वनस्पतींचा स्वाद दिलेली वाइन. जुन्या पुस्तकांत ‘फ्रेंच व्हर्मुथ’ म्हणजे कोरडी (गोड नसलेली) व फिकी आणि ‘इटालियन’ म्हणजे गोड व तांबूस. बायरनच्या १८८४ च्या पुस्तकात मॅनहॅटनच्या दोन कृती आहेत: पहिलीत फ्रेंच व्हर्मुथ एक पोनी आणि व्हिस्की अर्धी पोनी, दुसरीत इटालियन व्हर्मुथ आणि व्हिस्की अर्धा-अर्धा वाइनग्लास. त्यानंतर मार्टिनेझसाठी तो एवढेच सांगतो, की मॅनहॅटनप्रमाणेच करावी, फक्त व्हिस्कीऐवजी जिन घ्यावी. कोणत्या मॅनहॅटनप्रमाणे, हे तो सांगत नाही. अशा ठिकाणी आपल्या मनाने एक अर्थ धरून पुढे जाऊ नये, वहीत दोन ओळी कराव्यात आणि दोन्ही चाखून पाहाव्यात.

१८८७ च्या मार्टिनेझमध्ये व्हर्मुथ एक वाइनग्लास आणि ओल्ड टॉम जिन एक पोनी आहे, म्हणजे व्हर्मुथ जिनच्या दुप्पट. १९३० च्या सॅव्हॉयमधल्या ड्राय मार्टिनीत जिन दोन तृतीयांश आणि फ्रेंच व्हर्मुथ एक तृतीयांश आहे. एम्बरी सात भाग जिनला एक भाग व्हर्मुथ घेतो. हे आकडे एका रेषेत मांडून ‘व्हर्मुथ कमी कमी होत गेली’ असे म्हणणे मोहाचे आहे, पण ते अर्धेच खरे आहे. पहिल्या कृतीतली ओल्ड टॉम ही गोडसर जिन होती, पुढच्या दोन्हींतली कोरडी आहे, आणि १८८७ च्या कृतीत व्हर्मुथ कोणती हे लिहिलेलेच नाही. घटकाची जात बदलली असेल, तर प्रमाणाची तुलना करताना शेजारी तसा शेरा असलाच पाहिजे.

कधी एखादा घटक गळूनच जातो. ह्यूगो एन्सलिन याने १९१६ च्या पुस्तकात दिलेल्या एव्हिएशनमध्ये जिन दोन तृतीयांश, लिंबूरस एक तृतीयांश, माराशिनो ही चेरीची लिक्यर दोन डॅश आणि क्रेम द व्हायोलेत ही जांभळ्या फुलांची लिक्यर दोन डॅश आहे. सॅव्हॉयमध्ये बाकी सारे तसेच आहे, फक्त व्हायोलेत नाही. पुढची कित्येक दशके लोकांनी सॅव्हॉयवरून ही कृती उतरवली आणि आकाशाची छटा हरवलेले एव्हिएशन प्यायले. दोन पुस्तकांत बाकी सगळे शब्दशः जुळत असेल आणि एकच घटक कमी असेल, तर दुसऱ्याने पहिल्यावरून किंवा त्याच्या एखाद्या नकलेवरून उतरवले असण्याची शक्यता धरावी. त्याच सॅव्हॉयमध्ये ‘बॉम्बे कॉकटेल’ही आहे, त्यात ब्रँडी, दोन्ही व्हर्मुथ, क्युरासाओ ही संत्र्याची लिक्यर आणि अ‍ॅबसिंथ हे बडीशेपेच्या चवीचे मद्य आहेत, पण मुंबईचे म्हणावे असे काहीही नाही. नावावरून कृतीचे मूळ गाव ठरवू नये, हे त्यावरून कळते.

सांगलीच्या स्वयंपाकघरात चाखणे

महाराष्ट्रात मद्य बाळगण्यासाठी व पिण्यासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, आणि ब्रँडी, जिन, व्हिस्की यांसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे. ते पूर्ण असेल तरच पुढचे वाचावे.

लिंबाचा प्रश्न आधी सोडवावा. पुस्तकातले ‘लेमन’ हे मोठे, पिवळे, जाड सालीचे फळ आहे, आणि मार्केट यार्डातले आपले कागदी लिंबू पुस्तकातल्या ‘लाइम’च्या जातीतले, लहान आणि अधिक आंबट आहे. म्हणून ‘अर्ध्या लेमनचा रस’ असे लिहिले असेल, तर अर्धे कागदी लिंबू पिळून भागत नाही. रस नेहमी मिलीत मोजावा आणि एका बैठकीतल्या सर्व ग्लासांसाठी एकाच वेळी पिळून गाळून घ्यावा. आपल्या लिंबाने केलेली साइडकार पुस्तकातल्या साइडकारसारखी लागणार नाही, पण तीनही ग्लासांत तेच लिंबू असल्याने तुलनेला बाध येत नाही.

हाच न्याय ब्रँडीला लावावा. पुस्तकात कोन्याक, म्हणजे फ्रान्सची द्राक्षाची ब्रँडी, अपेक्षित आहे. आपल्याकडची बाटली सहसा ४२.८ टक्क्यांची असते आणि स्वस्त बाटल्यांत मुख्य भर मळीपासून काढलेल्या स्पिरिटचा असतो. तासगावच्या द्राक्षांच्या आणि बेदाण्यांच्या जिल्ह्यात राहून द्राक्षाची ब्रँडी शोधत फिरावे लागते, हा विनोद इथल्या माणसाने गिळलेलाच बरा. जमल्यास लेबल वाचून द्राक्षाची घ्यावी, न जमल्यास कोणतीही एकच बाटली सगळ्या ग्लासांसाठी वापरावी आणि वहीत ‘बदली’ असे लिहावे. व्हर्मुथ इथे दर वेळी मिळेलच असे नाही, पुण्याहून कोणी येणार असेल तर त्याला सांगून ठेवावे. ती वाइनच्याच जातीची असल्यामुळे बाटली उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवावी आणि महिन्याभरात संपवावी. एप्रिल-मेमध्ये कपाटात उघडी राहिलेली व्हर्मुथ घेऊन १८८७ च्या कृतीला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

‘गम सिरप’ म्हणजे साखरेच्या पाकात अरबी डिंक विरघळवून केलेला दाटसर पाक. डिंक नसेल तर समान वजनाची साखर आणि पाणी नुसते विरघळेपर्यंत तापवून गार करावे. सवयीने एकतारी पाक करू नये, तो थंड पेयात तळाशी बसतो.

मोजण्यासाठी सुई नसलेली दहा मिलीची सिरिंज सर्वांत सोयीची, आणि मिरज शेजारी असताना औषधाच्या दुकानांना तोटा नाही. ९० मिलीचे तीन ग्लास कोणी एकट्याने प्यावेत असे नाही, आणि तसे केल्यास तिसऱ्या ग्लासाविषयी लिहिलेल्या मताला किंमतही राहत नाही. साइडकारसाठी १९२२ ची १०-१०-१० मिली, १९३० ची १५, साडेसात, साडेसात आणि १९४८ ची २४ मिली ब्रँडी, सहा मिली रस, तीन मिली क्वांत्रो एवढीच करावी. तिन्ही मिळून एका लार्ज पेगपेक्षा थोडे अधिक मद्य होते, ते दोघा-तिघांत वाटून घ्यावे.

इतके थोडे पेय बर्फात घालून हलवले, तर पाणी प्रमाणाबाहेर सुटते आणि प्रत्येक वेळी वेगळे सुटते. म्हणून तुलनेपुरता बर्फ वापरूच नये. प्रत्येक मिश्रणात त्याच्या एक चतुर्थांश गार पाणी मोजून घालावे, झाकण लावून तासभर फ्रिजमध्ये ठेवावे आणि तिन्ही एकाच वेळी काढावेत. ग्लासांच्या तळाशी खुणा दुसऱ्या कोणाकडून करून घ्याव्यात आणि कोणता ग्लास कोणत्या सालाचा हे चाखणाऱ्याला सांगू नये. साल कळले, की जीभ सालाच्या बाजूने साक्ष देऊ लागते. लिहिताना ‘छान’, ‘बरे’ असे शब्द टाळून आधी आंबट कुठे लागले, गोड किती वेळ टिकले आणि मद्याची झळ घशात जाणवली की नाही, एवढेच लिहावे. पसंती सर्वांत शेवटी लिहावी.

पुढची जोडी

साइडकार झाली, की १८६२ ची व्हिस्की कॉकटेल आणि जॉर्ज कॅपलर याच्या १८९५ च्या पुस्तकातली ओल्ड फॅशन्ड व्हिस्की कॉकटेल शेजारी ठेवावी. पहिलीत गम सिरप तीन-चार डॅश, बिटर्स दोन डॅश, व्हिस्की एक वाइनग्लास आणि लिंबाच्या सालीचा तुकडा. ग्लासचा एक तृतीयांश बारीक बर्फाने भरून हे हलवायचे आणि गाळून द्यायचे. दुसरीत साखरेचा लहान खडा थोड्या पाण्यात विरघळवून त्यावर अँगोस्टुरा बिटर्स दोन डॅश, बर्फाचा एक लहान तुकडा, सालीचा तुकडा आणि एक जिगर व्हिस्की घालायची, चमच्याने ढवळायचे आणि चमचा ग्लासातच ठेवून द्यायचे. इथे घटक जवळपास तेच आहेत आणि फरक मुख्यतः बर्फाचा आहे, त्यामुळे आधी सांगितलेली मोजून पाणी घालण्याची युक्ती या जोडीला लावू नये, नाहीतर जे तपासायचे तेच पुसले जाईल. बर्फ पिण्याच्या पाण्याचा आणि घरच्या फ्रिजमधला असावा, पहिलीसाठी तो रुमालात गुंडाळून लाटण्याने बारीक कुटावा. कॅपलरचा जिगर पहिल्या कृतीतल्या वाइनग्लासइतकाच, ६० मिली धरावा आणि तसे गृहीत धरल्याचे लिहून ठेवावे. पहिल्या कृतीचे मत गाळल्याबरोबर लिहावे. दुसरीसाठी दोन नोंदी कराव्यात, एक ढवळल्यावर लगेच आणि दुसरी पाव तासाने, बर्फाचा तुकडा विरघळल्यावर.